पॅनेल आहे, टॅब आहेत, तरी मुलं प्रेक्षकच. आठवीच्या वर्गात नेमकं काय बदलावं?

सेक्टर१९ (ऐरोली)

नमस्कार मंडळी.

सेमी इंग्रजी, इयत्ता आठवी, पट ५१. वर्गात ७५ इंची टच पॅनेल, १२ अँड्रॉइड टॅब, राउटर खालच्या मजल्यावर ऑफिसात. तास ३५ मिनिटांचा.

पॅनेलचा टीव्ही झालाय. व्हिडिओ लावला की वर्ग चिडीचूप, संपल्यावर प्रश्न विचारला की तीच चार-पाच बोटं वर. टॅब वाटले की गटातला एक जण ताबा घेतो, बाकीचे त्याच्या खांद्यावरून बघतात. क्विझ घेतली तर आरडाओरडा भरपूर, दुसऱ्या दिवशी मात्र पाटी कोरी.

मुलांनी वर्गाच्या अभ्यासात स्वतःची भर घालावी, नुसती बटणं दाबू नयेत, एवढंच हवंय. पुढचा धडा ‘धाराविद्युत आणि चुंबकत्व’. त्यावरच सांगितलंत तर बरं. ‘मुलांना सहभागी करून घ्या’ हे वाक्य प्रशिक्षणात ऐकून झालंय, ते कृपया नको. मिनिटं, साहित्य, कुठे फसतं, असं सांगा.

---

विज्ञानमास्तर

गट आधी कागदावर ठरवा. ५१ मुलं आणि १२ टॅब म्हणजे नऊ गट चौघांचे, तीन गट पाच जणांचे. यापेक्षा मोठा गट करू नका. दहा इंची पडद्याभोवती सहावं डोकं मावत नाही, आणि मग ते मूल खिडकीबाहेर बघतं म्हणून त्याला ओरडण्यात अर्थ नाही.

आता मुद्द्याचं. एका मुलाच्या कामाची दुसऱ्या मुलाला गरज पडली तरच त्या कामाला भर म्हणायचं. गटाने परिपथ जोडला, शिक्षक ‘छान’ म्हणाले, की काम तिथेच संपलं. तोच परिपथ शेजारच्या गटाला कोडं म्हणून जाणार असेल तर जोडणाऱ्याला तो नीट समजून घ्यावाच लागतो. म्हणून तासाचा शेवट सादरीकरणाने करू नका, अदलाबदलीने करा.

साधन: फेट (PhET), म्हणजे पडद्यावर प्रयोग करून बघायची सिम्युलेशन. कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या शाखेत २००२ साली कार्ल वीमन यांनी सुरू केलेला हा प्रकल्प. सगळं मोफत, बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत, आणि प्रत्येकाची एचटीएमएल फाइल उतरवून नेटशिवाय चालवता येते. तुम्हाला ‘सर्किट कन्स्ट्रक्शन किट : डीसी’ लागेल. त्यात बॅटरी मुळात ९ व्होल्टची आणि बल्ब १० ओहमचा असतो, त्यामुळे आकडे तोंडी तपासता येतात. एक बल्ब: ०.९ अँपिअर. दोन बल्ब एकसर: ०.४५. दोन समांतर: एकूण १.८, प्रत्येक शाखेत ०.९.

तासाची आखणी अशी. टॅब कपाटातच राहू द्या. पॅनेलवर एकच प्रश्न: ९ व्होल्टची बॅटरी, दोन सारखे बल्ब एकसर जोडणीत, कोणता जास्त उजळ? (अ) बॅटरीच्या धन टोकाजवळचा, (ब) ऋण टोकाजवळचा, (क) दोन्ही सारखे, (ड) दुसरा पेटणारच नाही. दोन मिनिटं प्रत्येकाने वहीत उत्तर आणि एका ओळीत कारण लिहायचं. बोलायचं नाही. मग मतदान, दोन मिनिटं. निकाल दाखवा, बरोबर उत्तर सांगू नका. चार मिनिटं शेजाऱ्याशी वाद, आणि एका मिनिटात पुन्हा मतदान. ही हार्वर्डच्या एरिक मेझर यांची १९९०च्या दशकातली रीत. त्यांचा अंदाज असा की पहिल्या मतदानात बरोबर उत्तरं ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असतील तरच चर्चेचा फायदा होतो. तुमच्या वर्गात म्हणजे साधारण १५ ते ३६ मुलं. १५ पेक्षा कमी असतील तर मुलं एकमेकांना चुकीचंच पटवतील, तिथे थांबून शिकवा. ३६ च्या वर असतील तर वाद घालत बसू नका, सरळ पुढे.

या प्रश्नावर (अ) ला भरपूर मतं पडतात. ‘पहिल्या बल्बने वीज खर्च केली, दुसऱ्याला उरलेली मिळाली’ ही समजूत इतकी पक्की असते की व्हिडिओ दाखवून ती हलत नाही. आधी स्वतः पैज लावली की मात्र टॅबवरचा आकडा मूल डोळे फाडून बघतं.

इथपर्यंत नऊ मिनिटं झाली. आता टॅब वाटा, दोन मिनिटं. टॅबला क्रमांक, गटाला तोच क्रमांक, प्रत्येक गटातून एकच जण उठणार. रांग लावली की सहा-सात मिनिटं गेलीच समजा. पुढची बारा मिनिटं कामाची. पहिली सात-आठ मिनिटं वरच्या तीन जोडण्या, एकसर जोडणीत अमीटर पहिल्या बल्बच्या आधी आणि दुसऱ्या बल्बच्या नंतर, दोन्हीकडे लावून. उरलेल्या चार मिनिटांत गटाने मुद्दाम बिघडवलेला एक परिपथ तयार करायचा आणि तो का चालत नाही हे वहीत लिहून वही बंद करायची. मग टॅब फिरवा: १ चा २ कडे, २ चा ३ कडे, १२ चा १ कडे. पाच मिनिटांत बिघाड शोधायचा, दुरुस्त करायचा आणि कारण लिहायचं. दोन मिनिटांत टॅब जमा. शेवटची तीन मिनिटं, सुरुवातीला वहीत लिहिलेल्या कारणाखाली: ‘आता मी काय म्हणेन?’ एकूण ३३. दोन मिनिटं हजेरी खाते.

फसतं कुठे ते सांगतो.

सिम्युलेशन सुरुवातीला इलेक्ट्रॉन फिरताना दाखवतं. ते ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात. पुस्तकातला धारेचा बाण उलटा. या तासाला तो वाद नको असेल तर प्रवाह दाखवायच्या पर्यायात संकेतमान्य धारा निवडून ठेवा.

बल्बला दोन टोकं असतात, एक बुडाशी आणि एक बाजूला. बरीच मुलं दोन्ही तारा बुडाशीच जोडतात आणि ‘सॉफ्टवेअर खराब आहे’ म्हणतात. लगेच सांगू नका. पुढच्या गटासाठी हाच सगळ्यात चांगला बिघाड ठरतो.

तारेने बॅटरीची दोन्ही टोकं थेट जोडली की पडद्यावर आग लागते. सगळे गट मिनिटभर तेवढंच करतील. करू द्या, पण आग का लागली याचं उत्तर वहीत हवं.

परिपथ सेव्ह होत नाही. कमी रॅमच्या टॅबवर दुसरं ॲप उघडून परत आलं की ब्राउझर पान नव्याने लोड करतो आणि सगळं पुसलं जातं. म्हणून फाइल पाठवायची भानगड नको, टॅबच हातोहात फिरवा. आणि स्क्रीन बंद होण्याची वेळ दहा मिनिटांवर ठेवा.

मतदानासाठी प्लिकर्स बघा. मुलांच्या हातात छापील कार्ड, शिक्षकाच्या हातात एक फोन. कार्ड कुठल्या बाजूने वर धरलं त्यावरून उत्तर वाचलं जातं. मोठ्या आकाराचा साधा संच ४० कार्डांचा, तुम्हाला ६३ चा लागेल. चकचकीत लॅमिनेशन करू नका, खिडकीचा उजेड चमकतो आणि फोनला कार्ड दिसत नाही. मॅट चालेल, किंवा नुसता जाड कागद. बोटं काळ्या नक्षीवर येऊ देऊ नका.

---

वायरमन_कळवा

धड्यावर मास्तर बोलले, मी तारांवर बोलतो. कारण वर्गातला उत्साह मुलांमुळे कमी आणि ‘सर, लोड होत नाही’मुळे जास्त मरतो.

ऑफिसातल्या राउटरवर अवलंबून राहू नका. मध्ये आरसीसीचा स्लॅब आणि भिंती आहेत. वर्गापर्यंत एक लॅन केबल ओढून तिथे वेगळा ॲक्सेस पॉइंट (वायफाय देणारा डबा) लावा, शक्य तर पॅनेलच्या वर. १२ टॅब, एक पॅनेल, एक फोन म्हणजे १४ उपकरणं. ५ गिगाहर्ट्झवर साधा चांगला ॲक्सेस पॉइंट एवढी सांभाळतो. टॅब जुने असून फक्त २.४ वरच चालत असतील तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच ठेवा. आजूबाजूला सोसायट्या असतील तर फोनवर वायफाय ॲनालायझर उघडून त्यातल्या त्यात मोकळा कोणता ते आधी बघा. मधलंच ३ किंवा ८ निवडलं तर दोन्हीकडचा गोंधळ आपल्या अंगावर येतो.

फोनचा हॉटस्पॉट हा उपाय नाही. बहुतेक फोन आठ-दहा उपकरणांवर थांबतात, आणि अकराव्या गटाला ते कोणी सांगत नाही.

नेट हळू होण्याचं खरं कारण पुष्कळदा वेगळंच असतं. आठवडाभर बंद असलेले बारा टॅब एकाच मिनिटाला चालू होतात आणि बाराही टॅबची प्ले स्टोअर अपडेट एकदम सुरू होतात. ऑटो-अपडेट बंद करा आणि शनिवारी शाळा सुटल्यावर हाताने करा. पॅनेलमध्ये विंडोजचा संगणक बसवलेला असेल तर त्याचंही तेच.

जे ऑफलाइन चालतं ते ऑफलाइनच चालवा. फेटची फाइल एका टॅबवर उतरवा आणि ‘लोकलसेंड’ने बाकी अकरांवर पाठवा; त्याला इंटरनेट लागत नाही, सगळे एकाच वायफायवर असले की पुरे. व्हिडिओ, पुस्तकं आणि सराव एकाच जागी हवे असतील तर नेटशिवाय चालणारं ‘कोलिब्री’ हे सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा संगणक) बसवता येतं, आणि त्याचा मेनू मराठीत होतो.

फोन पॅनेलवर दाखवायचा असेल आणि दोन्ही एकमेकांना सापडत नसतील तर राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘गेस्ट’ चालू आहे का बघा. ते चालू असेल तर एकाच वायफायवरची उपकरणंही एकमेकांना दिसत नाहीत. आणि टाइप-सीला एचडीएमआय अडॅप्टर विकत घेण्याआधी फोनमधून त्या पोर्टातून चित्र बाहेर येतं का ते तपासा. स्वस्तातल्या पुष्कळ फोनमधून येत नाही, अडॅप्टर कितीही चांगला असो.

चार्जिंग: एक टॅब साधारण १० वॅट, बारा म्हणजे १२० वॅट. ६ अँपिअरच्या एका पॉइंटला हे काहीच नाही. धोका लोडचा नाही; एक्स्टेन्शनला एक्स्टेन्शन जोडून सैल झालेल्या पिनांचा आणि बंद लोखंडी कपाटातल्या उष्णतेचा आहे. चार्ज होताना कपाटाचं दार उघडं ठेवा किंवा मागच्या पत्र्याला भोकं पाडून घ्या.

---

खडूवाली

प्लिकर्सबद्दल थोडा विरोध नोंदवते. रोजच्या वापरासाठी ते जड पडतं: ५१ कार्डं वाटा, गोळा करा, आणि नेट नसेल तर पॅनेलवर निकाल दिसत नाही. ए-फोर कागदाची चौघडी घाला, चार भागांवर अ, ब, क, ड ठळक लिहा. मूल हवं ते अक्षर बाहेर ठेवून छातीशी धरतं, बाजूच्याला दिसत नाही. वर्गाकडे एक नजर टाकली की कल कळतो. नोंद राहत नाही हे खरं, पण नोंद रोज हवीच कशाला? महत्त्वाच्या प्रश्नाला प्लिकर्स, एरवी कागद.

क्विझबद्दल. जिथे लवकर दाबणाऱ्याला जास्त गुण मिळतात तिथे मुलं विचार करत नाहीत, अंदाज मारतात. आरडाओरडा त्याचाच. वेळेचे गुण बंद करता येत असतील तर करा, नाहीतर तो खेळ उजळणीपुरता ठेवा.

‘तीच चार-पाच बोटं’ याचा उपाय तंत्रज्ञानात नाही. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून पाहिलं, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभरच थांबतात असं दिसलं. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलू लागतात. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. वर्गासमोर उभं राहून मनात मोजून बघा, युग वाटतं. पॅनेलवर तीन-चार सेकंदांचा टायमर लावून ठेवा. तो मुलांसाठी नाही, तुमच्यासाठी.

दुसरं असं की बोट वर करायला लावूच नका. चर्चेनंतर हजेरी क्रमांक चिठ्ठीने काढा आणि विचारा, ‘तुझ्या शेजाऱ्याचं म्हणणं काय होतं?’ स्वतःचं उत्तर सांगायला लाजणारं मूल दुसऱ्याचं आरामात सांगतं. आणि शेजारी आपलं म्हणणं चारचौघांत सांगणार आहे म्हटल्यावर ते त्याला नीट समजावतंही.

---

सेक्टर१९ (ऐरोली)

भरपूर मिळालं, आभारी आहे. आणखी तीन शंका.

१. मराठी टायपिंग. तीन ओळींना गटाला पंधरा मिनिटं लागतात, मग विचार कधी करणार?
२. टॅब बळकावणाऱ्याचं काय? ‘सगळ्यांना द्या’ म्हणून काही होत नाही.
३. मुख्याध्यापक विचारतात, आकारिक मूल्यमापनात हे दाखवायचं कुठे?

---

खडूवाली

टायपिंग: करूच नका. वहीत किंवा कोऱ्या कागदावर मार्करने लिहायचं, टॅबने फोटो काढायचा आणि गटाच्या स्लाइडवर टाकायचा. मार्करचं अक्षर किमान बोटाच्या पेराएवढं हवं, नाहीतर मागच्या बाकावरून पॅनेलवरचं वाचता येत नाही. सावली पडू नये म्हणून खिडकीकडे पाठ करून फोटो काढू नका, खिडकी बाजूला घ्या. शीर्षक किंवा एखादी ओळ टाइप करायचीच असेल तर जीबोर्डवर मराठीसाठी हस्तलेखनाची सोय आहे, बोटाने अक्षरं काढायची. बोलून टाइप करणं बारा गटांच्या गोंगाटात जमत नाही. व्हरांड्यात एकेक गट पाठवलात तर जमेल, विरामचिन्हं मात्र हाताने घालावी लागतील.

स्लाइड म्हणजे गूगल स्लाइड्समध्ये सगळ्या वर्गाचं मिळून एकच सादरीकरण, प्रत्येक गटाला आपल्या क्रमांकाची एक स्लाइड. कोणीतरी दुसऱ्याची स्लाइड पुसणारच. ‘आवृत्ती इतिहास’ उघडून परत आणता येते, हे पहिल्याच दिवशी पॅनेलवर सगळ्यांदेखत करून दाखवा. पुसणाऱ्यांची हौस तिथेच फिटते.

बळकावणं: भूमिका ठरवा आणि दर चार मिनिटांनी बदला. चालक टॅबला हात लावेल पण स्वतःच्या मनाने काही करणार नाही. वाटाड्या सांगेल, चालक करेल. वाटाड्याने पडद्याला बोट लावायचं नाही, तोंडाने सांगायचं: ‘उजवीकडची तार बल्बच्या बाजूच्या टोकाला लाव.’ हुशार आणि अधीर मुलाला आधी वाटाड्या करा. हात बांधलेले असले की त्याला शब्द शोधावे लागतात. तिसरा नोंदणारा: आकडे, आकृती, वेळ. चौथा शंकासुर. त्याचं काम एकच, गटाच्या प्रत्येक निष्कर्षाला ‘कशावरून?’ विचारायचं आणि तासाभरात निदान दोन शंका लिहून द्यायच्या. मुलांना ही भूमिका सगळ्यात आवडते, आणि एरवी ज्याला ‘फाटे फोडू नकोस’ म्हणून गप्प केलं जातं त्याला हक्काचं काम मिळतं. पाच जणांच्या गटात पाचवा दूत: मधल्या वेळात शेजारच्या एकाच गटाकडे दोन मिनिटं जायचं, त्यांनी काय वेगळं केलं ते बघायचं, परत येऊन सांगायचं.

भूमिकांच्या पट्ट्या टॅबच्या मागे चिकटवू नका, मुलांच्या समोर ठेवा. दर चार मिनिटांनी पट्टी डावीकडे सरकली की बदल झाला. बारा मिनिटांत तीनच पाळ्या होतात, म्हणजे चौघांच्या गटात एकाची चालकाची पाळी राहते. पुढच्या तासाला त्याच्यापासून सुरुवात.

आकारिकमध्ये: तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम किंवा कृती, प्रकल्प ही साधनं आहेतच, नवा रकाना लागत नाही. पुरावा म्हणून वहीतलं पान पुरतं: आधीचं कारण, बिघाडाचं कोडं, शेवटचं ‘आता मी काय म्हणेन’. गटाला एकच गुण देऊ नका. दोन शंका कोणाच्या, नोंद कोणाची, हे पट्टीवरून आणि वहीवरून कळतं.

आणि एक कायमचं काम सुचवते, याचा परिणाम मला सगळ्यात जास्त वाटतो: दिवसाचे लेखनिक. रोज दोन मुलं, विज्ञानाच्या तासाची एक पानी नोंद. ५१ मुलांची फेरी २६ दिवसांत होते, शेवटी एकटं उरणाऱ्याला पहिल्या जोडीतला कोणीतरी द्या. पानावर काय हवं: आजचा प्रश्न, एक आकृती, एक गणित किंवा आकडा, वर्गात निघालेली एक चूक आणि ती चूक का. फोटो काढून वर्गाच्या फोल्डरमध्ये. ते पान वाचायचं कोणी? त्या दिवशी गैरहजर असलेल्यांनी. दुसऱ्या दिवशी पहिल्या मिनिटात त्यांना विचारा, ‘पानावरून कळलं का? काय कळलं नाही?’ आणि कळलं नाही ते लेखनिकांनी दुरुस्त करायचं. तुम्ही स्वतः लाल शाईने दुरुस्त केलंत की संपलं, मग ते तुमचं पान होतं.

---

विज्ञानमास्तर

शंकासुर उचलतोय.

एक राहिलं होतं. सिम्युलेशननंतरच्या तासाला खरे बल्ब लावा, नाहीतर मुलांना वाटतं सगळं पडद्यातच घडतं. प्रत्येक गटाला दीड व्होल्टचे दोन सेल, होल्डरसकट टॉर्चचे २.५ व्होल्टवाले दोन बल्ब, चार तारा. इथे दोन गोष्टी पडद्यासारख्या होत नाहीत, आणि तोच तासाचा मजेचा भाग.

पहिली: दोन बल्ब एकसर लावले की बऱ्याचदा एक जरा जास्त उजळतो, कारण कारखान्यातून दोन बल्ब तंतोतंत सारखे येत नाहीत. धन टोकाजवळचा उजळला की (अ) वाले उसळतात, ‘बघा, आम्ही म्हणत होतो!’ उत्तर देऊ नका. बल्बांच्या जागा अदलाबदल करायला सांगा. उजेड जागेबरोबर राहिला की बल्बाबरोबर गेला? हे सुचवणारा गट वर्गात असेल तर त्याच्याकडूनच येऊ द्या.

दुसरी: मल्टिमीटर असेल तर एकसर जोडणीतली धारा एका बल्बच्या धारेच्या निम्म्यापेक्षा जास्त निघते. फिलामेंट कमी तापलं की त्याचा रोध कमी असतो. फेटमधला बल्ब मुळात १० ओहमलाच चिकटून असतो. ‘पडदा खोटा का बोलला?’ हा प्रश्न शंकासुरांनी लिहून आणायचा गृहपाठ.

एलईडी आत्ता आणू नका. एका सेलवर पेटत नाही, उलटा लावला तर पेटत नाही, आणि तास त्याच्याच मागे जातो.

---

घोडबंदरकर

वर्गाबाहेरही भर घालायची असेल तर खाडी जवळ आहे. ठाणे खाडीच्या काठी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला. हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, असतात. मोजणी हे आठवीला झेपणारं काम आहे: दहा पक्षी मोजायचे, तेवढा तुकडा डोळ्यांत ठेवायचा, असे किती तुकडे भरतात ते बघायचं. दोघांनी वेगवेगळं मोजायचं, आकड्यांत पाचव्या हिश्शापेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा. छोट्या रोहितची चोच गडद लाल, मोठ्याची गुलाबी आणि टोकाला काळी. भरती-ओहोटीची वेळ लिहिली नाही तर आकडा निरुपयोगी, कारण ओहोटीला पक्षी चिखलात दूरवर पसरतात. दरवर्षीच्या आठवीने तीच जागा, तोच महिना, तेवढीच भरती धरून मोजलं तर मागच्या तुकडीचा तक्ता पुढच्या तुकडीला कामाला येतो.

आता सावधगिरी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण बालक धरलंय आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितलीय. म्हणून जिथे मुलांची खाती लागत नाहीत ती साधनं आधी. फेटला लागत नाही, प्लिकर्समध्ये नावाऐवजी हजेरी क्रमांक टाका, वनस्पती-पक्षी ओळखायला ‘सीक’ ॲपला खातं लागत नाही. सामाईक स्लाइडसाठी शाळेच्या डोमेनवरची खाती घ्या, गूगलची शिक्षणासाठीची मूळ आवृत्ती पात्र शाळांना मोफत आहे. पालकांच्या फोनवरची खाती वापरू नका, घरातले फोटो वर्गाच्या पॅनेलवर यायला एक चुकीचं बोट पुरतं.

टॅबच्या कॅमेऱ्यात लोकेशन टॅग बंद करा. फोटोत चेहरे नकोत, हात आणि वह्या पुरेत.

आयनॅचरलिस्टवर (झाडं-प्राण्यांचे फोटो टाकून ओळखून घ्यायचं संकेतस्थळ) सक्तीचा गृहपाठ म्हणून मुलांना पाठवू नका. कुंडीतल्या तुळशीचे अंधूक फोटो येतात आणि ते ओळखत बसणाऱ्या स्वयंसेवकांचा वेळ जातो. ज्या दोन-चार मुलांना खरंच गोडी लागेल त्यांच्या पालकांशी बोलून पुढे जा.

---

सेक्टर१९ (ऐरोली)

फेटची फाइल एका टॅबवर उतरवली. उघडली तर पांढरं पान. नेट बंद आहे म्हणून का?

---

वायरमन_कळवा

नाही. अँड्रॉइड अशी फाइल ‘एचटीएमएल व्ह्यूअर’मध्ये उघडतो, त्यात सिम्युलेशन चालेलच असं नाही. फाइल मॅनेजरमध्ये फाइल दाबून धरा, ‘यासह उघडा’, मग क्रोम. तरीही पांढरं आलं तर क्रोम जुना आहे, शनिवारच्या अपडेटमध्ये घ्या. एका टॅबवर चाललं की लगेच बाकी अकरांवर पाठवू नका; आधी विमान मोड लावून पुन्हा उघडून बघा, म्हणजे ते खरंच नेटशिवाय चालतंय की मागून वायफाय वापरतंय ते कळेल. आणि मेच्या सुटीत टॅब कपाटात ठेवताना बॅटरी निम्म्याच्या आसपास ठेवून पूर्ण बंद करा. शून्यावर ठेवलेले दोन-तीन जूनमध्ये उठत नाहीत. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाका, पहिल्या पावसातच चार्जिंग पिना हिरव्या पडायला लागतात.